अकरा ओळींचा स्वेटर

"आईला मारल्याशिवाय गत्यंतर नाही," ताई म्हणाली.

"सकाळी दहाला खून!" संवादलेखक कपात चमचा फिरवत म्हणाला. "चहा तरी होऊ द्या."

लेखकांच्या खोलीत कोणी हसलं नाही. मालिकेच्या पहिल्या वर्षापासून टिकलेली लेखिका ही एकटी ताईच. टेबलाच्या टोकाला मुख्य लेखक, म्हणजे सगळ्यांचे दादा. पुढच्या तीन वर्षांची कथा आज पक्की व्हायची होती. दादांची सही झाली की मग त्यात कानामात्राही हलत नसे.

"कथेत भोक कुठे पडलंय ते बघा," ताई म्हणाली. "नायकाने काळ मागे फिरवून मेलेली आई परत आणली. मग शहरात बाकीचे पटापट मरतात, तेव्हा हा हाताची घडी घालून का बसतो? सहा वर्षं लोक हेच विचारतायत. उत्तर एकच. तिचं मरण तिला परत द्यायचं."

"पण तिला परत आणायची कल्पना तुमचीच ना?" संवादलेखकाने विचारलं.

"माझीच. आई दवाखान्यात होती त्या दिवसांत लिहिली. बाहेरच्या बाकावर बसून."

"मग? बऱ्या झाल्या?"

"तो भाग दाखवला, त्या संध्याकाळी घरी आली."

"चला! पायगुण चांगला म्हणायचा मालिकेचा. आता कशा आहेत?"

"आहे तशीच आहे."

दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे पात्र बेतलं स्वतःच्या आईवर, आणि तूच उठलीस तिच्या जिवावर? काळीज आहे की पाटा?"

"पात्र म्हणून तरी काय उरलंय तिच्यात, दादा? खिडकीशी बसते नि विणते. प्रसंग मागेपुढे चित्रित होतात, म्हणून स्वेटर कायम अकरा ओळींचाच ठेवायचा. नियम! रागावत नाही, म्हातारी होत नाही, घास खाताना दिसत नाही. तिला काय हवंय, हे सहा वर्षांत एकाने तरी विचारलंय?"

"प्रेक्षकांना ती हवीय. तेवढं पुरे."

"दादा, पाया पडते तुमच्या."

संवादलेखकाचा चमचा थांबला. कागदावरच्या बाईसाठी कोणी असं बोलत नाही.

"अगं, एवढं काय त्यात?" दादांचा आवाज मऊ झाला. "भोकच बुजवायचंय ना? मग असं करू. ती शक्ती आयुष्यात एकदाच वापरता येते. आईसाठी वापरली, संपली. आणि त्या शक्तीने जो परत आला, त्याला पुन्हा मरण नाही. सगळे प्रश्न मिटले! घे, लिही."

अंतिम मसुदा सगळ्यात जुन्या लेखकाच्या अक्षरात उतरवायचा, ही त्यांच्या खोलीची रीत. ताईने पेन उचललं. दोनदा टोपण लावलं, दोनदा काढलं.

"लिही ना. 'आईला मरण नाही.'"

तिने लिहिलं. अक्षर कधी नव्हे ते तिरकं गेलं. दादांनी खाली सही ठोकली आणि चहा मागवला.

संध्याकाळी ताई जिना चढली, ती प्रत्येक पायरीशी भांडत. दाराचं कुलूप काढलं. दिवा लावला. खिडकीशी खुर्चीत आई विणत होती. टेबलावर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं.

"काय म्हणाले गं?" आईने मान वर न करता विचारलं.

"नाही ऐकलं त्यांनी." ताई तिच्या पायाशी जमिनीवर बसली. "उलट मलाच लिहायला लावलं. आता कधीच नाही, आई."

सुया थांबल्या. आईने विणकाम मांडीवर पसरलं आणि बोटाने एकेक ओळ मोजली. सकाळपासून हात थांबला नव्हता. ओळी अकराच होत्या.

तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. हात थंडगार होता, पण फिरत होता मायेनेच.

"मग तेव्हा मला जाळलंत तरी कशाला, बाळा?"