खाटेएवढी जागा

"युरिया?"

"दोनदा."

"शेणखत?"

"पेरणीआधी, तीन गाड्या."

"चुना?"

"जन्मात नाही. आमच्या मातीला लागतच नाही तो," थोरला म्हणाला.

पानं तपासणाऱ्या बाईंनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं, फॉर्म बांधावर दगडाखाली ठेवला आणि मक्यात शिरल्या. कणसांना नुकतंच रेशीम सुटलं होतं. कणसाजवळचं पान तोडायचे दिवस हेच. सगळं शेत झकास होतं, फक्त खालच्या कोपऱ्यात मका खुरटलेला. पानांच्या मधल्या शिरेलगत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे. आजारी जागा केवढी, तर एक खाट मावेल एवढी.

"एवढ्याशा तुकड्यासाठी बोलावलंत?"

"आज खाटेएवढा आहे, उद्या शेतभर पसरला म्हणजे? धाकटा असता तर त्यानेच निस्तरलं असतं. पेरणी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ कुठे गेला, देव जाणे."

"देव कशाला? तूच जाणतोस की!"

बांधावर धाकट्याचा मेहुणा उभा होता. घरांना सफेदी करून पोट भरणारा माणूस. सगळे त्याला रंगारीच म्हणत. त्याच्या हातात फावडं होतं.

बाईंना वाटलं, बोलाचाली होईल. रंगाऱ्याने बोलण्यात वेळ घालवला नाही. फावड्याचा दांडा थोरल्याच्या जबड्यावर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मक्याची चार ताटं सोबत घेऊन थोरला आडवा झाला. रक्ताची चिळकांडी पानांवर, दगडावर, दगडाखालच्या फॉर्मवर उडाली. दुसरा फटका बरगड्यांत. तिसरा, तोंड झाकू पाहणाऱ्या बोटांवर.

"कुठे पुरलंस माझ्या बहिणीच्या नवऱ्याला? बोल!"

"अहो, मरेल तो!" बाई मध्ये पडल्या. दांडा त्यांच्या कानाला चाटून गेला.

"मरू दे! विहिरीकडचा तो तुकडा बघा. काळाभोर हिरवा, बाकीच्यापेक्षा हातभर उंच. त्याला खाली काय खत मिळालंय, ते आज सगळ्यांना दाखवतो!"

तो पिसाळल्यासारखा खणू लागला. आरडाओरडा ऐकून शेजारपाजारचे धावत आले. कमरेएवढ्या खड्ड्यात हाडं लागली तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. थोरला रक्ताच्या गुळण्या टाकत काहीतरी बोलत होता.

"बैल... माझा बैल आहे तो..."

शिंग वर आलं. गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. रंगाऱ्याने तेच शिंग उचलून थोरल्याच्या डोक्यात घातलं.

"बैल पुरताना वर चुना टाकावा, एवढी अक्कल नाही? नाक फाटलं माझं!"

मग चौघांनी मिळून त्याला आवरलं आणि थोरल्याला दवाखान्यात नेलं.

बाई मागे थांबल्या. अर्धा नमुना म्हणजे नमुनाच नव्हे. आजारी कोपऱ्यातली वीस पानं एका कागदी पिशवीत, चांगल्या मक्याची वीस दुसरीत. रक्त उडालेली पानं त्यांनी सोडून दिली; रक्ताने लोहाचा आकडा चढतो. आजारी मुळांजवळची मूठभर मातीही घेतली. एव्हाना शांत झालेला रंगारी पिशवी धरायला पुढे आला.

"लांब व्हा. तुमच्या हाताला रंग आहे, आकडे बिघडतील."

"बरं बाई, तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ," तो हसत म्हणाला.

आठव्या दिवशी हवालदार बाईंचा जबाब घ्यायला प्रयोगशाळेत आला.

"मारहाणीची नोंद झालीय. पण धाकट्याच्या बाबतीत संशय थोरल्यावरच आहे," चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला. "जबडा तारांनी बांधलाय, एक शब्द बोलता येत नाही. तारा सुटल्या की उचलणार."

तेवढ्यात रंगारी आत आला. अंगात धुतलेला शर्ट, भांग नीट पाडलेला.

"पानांचा कागद न्यायला आलो. बहीण एकटी पडली, शेत आता मलाच बघायला हवं."

बाईंनी अहवाल सकाळीच वाचला होता. चांगल्या मक्यात सगळे आकडे जागच्या जागी. कोपऱ्यातल्या पानांत जस्त जवळपास नाहीच आणि कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, दुप्पट. म्हणून त्यांनी त्या मुठीतल्या मातीवर आम्लाचे चार थेंब टाकून पाहिले होते. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली होती.

त्यांनी जुना फॉर्म काढला. त्यावर रक्त वाळून तपकिरी झालं होतं, पण अक्षरं वाचता येत होती. तो त्यांनी हवालदाराच्या बशीशेजारी सरकवला आणि शेवटच्या 'नाही'वर क्षणभर बोट ठेवलं. मग कोरा फॉर्म घेतला.

"असला माखलेला कागद फाईलला लावता येत नाही. परत भरू. सांगता ना?"

"विचारा की. शेत आता आपलंच."

"युरिया?"

"दोनदा. थोरल्यानेच टाकला."

"शेणखत?"

"तीन गाड्या. तीही पेरणीआधी."

बाई मान वर न करता लिहीत होत्या.

"कोपऱ्यातल्या चुन्याची पोती मोठी होती की लहान?"

"मोठी कुठली, लहान," रंगारी म्हणाला. "दोनच."