पंख्याची कुरकुर

लाइव्ह सुरू झालं तेव्हा पाहुण्याची खुर्ची रिकामीच होती. खुर्चीसमोर फुलांचा गुच्छ होता, गुच्छाशेजारी नवा कोरा पंखा होता आणि पंख्याशेजारी कंपनीच्या बाईसाहेब होत्या. तिघेही सारखेच ताजेतवाने दिसत होते.

कॅमेऱ्यामागे दिलगीर उभी होती. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण कंपनीच्या पानावर येणाऱ्या प्रत्येक तक्रारीखाली 'दिलगीर आहोत' आणि तक्रार क्रमांक लिहिण्याची नोकरी तिची, त्यामुळे ऑफिसात दुसऱ्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. गेले दोन महिने तिच्या वाट्याला एकच माणूस आला होता. त्याने नावाच्या जागी 'गरम डोकं' असं लिहिलं होतं आणि फोटोच्या जागी पंखा लावला होता. रोज सकाळी तो एक ओळ टाके. 'तुमचा पंखा वारा कमी देतो, मतं जास्त.' दुसऱ्या दिवशी, 'रात्रभर वाटतं, घरात कोणीतरी दळण दळतंय. उठून बघावं तर पीठ नाही.'

दिलगीरने उत्तर दिलं होतं, 'पीठ आमच्या हमीत बसत नाही, कुरकुर बसते. आत नक्की काय वाजतंय?'

'सांगतो. पण ऐकणार कोण?'

ही जुगलबंदी वाचायला लोक गोळा होऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांना पंखा घ्यायचाच नव्हता.

दुसरी कंपनी असती तर घाबरली असती. इथले ब्रँडप्रमुख खूश झाले. "नाराज गिऱ्हाईक म्हणजे फुकटची जाहिरात," ते म्हणाले. "फक्त शेवट आपल्या हातात पाहिजे. बोलवा त्याला. नवा पंखा द्या, बाईसाहेबांशी हात मिळवू दे, हसू दे. कुरकुरत आला, हसत गेला. लोकांना एवढंच लागतं."

"आणि नाही हसला तर?" दिलगीरने विचारलं.

"तर सोमवारपासून उत्तरं कॉम्प्युटर देईल. त्याला पगार नसतो आणि अशा शंकाही येत नाहीत."

आमंत्रण दिलगीरनेच पाठवलं. उत्तर लगेच आलं. 'येतो. गाडी पाठवू नका, रस्ता पाठ आहे.'

आता पाहणाऱ्यांचा आकडा वाढत होता आणि खुर्ची जिथल्या तिथे होती. 'डोकं थंड झालं वाटतं,' असं कोणीतरी खाली लिहिलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ब्रँडप्रमुखांनी दिलगीरकडे असं काही पाहिलं, की तिने मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला.

दार उघडलं. आत आले ते थोरले साहेब.

थोरले साहेब म्हणजे बाईसाहेबांचे वडील. कंपनी त्यांनी काढली, लेकीने वाढवली आणि वाढवता वाढवता त्यांना सल्लागार केलं. सल्लागाराला केबिन असते, केबिनला खिडकी असते आणि खिडकीबाहेर बघायला भरपूर वेळ असतो. सगळ्यांकडे पाहून मान हलवत ते पुढे आले आणि पाहुण्याच्या खुर्चीत बसले.

बाईसाहेबांचं हसू ढळलं नाही. ओठ फारसे न हलवता त्या म्हणाल्या, "बाबा, तिथे पाहुणा बसणार आहे."

"बसलाय की."

थोरल्या साहेबांनी गुच्छ बाजूला सारला, खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत प्लास्टिकची एक छोटीशी चकती होती. एका बाजूने पार झिजलेली.

"माझ्या खोलीतल्या पंख्यातली आहे," ते म्हणाले. "मीच उघडला. आपण आधी पितळेची घालायचो. ही उन्हाळाभर टिकते, मग कुरकुर सुरू. माझा कुरकुरतो म्हणजे लोकांचेही कुरकुरत असणार. ते बिचारे गप्प बसतात, एवढंच."

ब्रँडप्रमुखांनी कॅमेरा बंद करायची खूण केली. दिलगीरने ती खूण नीट पाहिली आणि कॅमेरा थोडा पुढे घेतला. चकती स्पष्ट दिसावी म्हणून.

बाईसाहेबांनी चकती उचलली. उजेडाकडे धरून फिरवून पाहिली. त्यांचं ते खास हसू आता कुठेतरी गेलं होतं, आणि त्याशिवाय त्या थोड्या वडिलांसारख्या दिसत होत्या. मग त्या कॅमेऱ्याकडे वळल्या.

"हा बदल माझ्या सहीने झाला. चुकला. उद्यापासून पुन्हा पितळ. ज्यांचे पंखे कुरकुरतात त्यांनी कळवा. माणूस घरी येऊन बदलून देईल, फुकट."

थोरले साहेब हसले. अगदी तोंडभरून, ब्रँडप्रमुखांना हवं होतं त्याहून जास्त. पडद्यावर लाल बदामांचा पूर आला. दिलगीरचा सोमवार वाचला. हे सगळं आपणच जुळवून आणलं अशा थाटात ब्रँडप्रमुख टाळ्या वाजवू लागले.

लाइव्ह संपलं. बाईसाहेबांनी माइक काढून ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाबा, हे तुम्हाला मीटिंगमध्ये सांगता आलं नसतं?"

"सांगितलं की. प्रत्येक मीटिंगमध्ये. मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, बाबांना चहा आणा." त्यांनी दिलगीरकडे बोट दाखवलं. "ही निदान तक्रार क्रमांक देते."