चादरीची गाठ

दोनशे वर्षांपूर्वीच्या घरसंसारावरच्या टीव्ही मालिकेत माझी धाकटी जाऊ निवेदिका म्हणून झळकली आणि माझा तिळपापड झाला. त्याच विषयावर पुस्तक लिहिलं मी, आणि मिरवतेय कोण? जिला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही ती!

आजच्या भागात चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारत ती म्हणाली, "कपडे धुणाऱ्या बायका अशा गाठींतून एकमेकींना निरोप धाडायच्या. जुन्या पत्रांत मला हे सापडलं."

नवरा ताडकन उठला. "अगं, हे तर तुझ्या पुस्तकातलं! सरळसरळ चोरी आहे. कर तक्रार!"

मी दातओठ खात टीव्ही बंद केला. जुन्या पत्रांत तसलं काहीच नव्हतं. त्या गाठी मी पदरच्या घातल्या होत्या.