घरभेदी

“जहाजवाल्यांचा शब्द बँकेनं धरला, तर आजच मिटवू,” फंडाचा मॅनेजर फोनवर म्हणाला आणि वकीलबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बाई बँकेच्या वकील. बँक या फंडाला कर्ज देणार होती, ते बारा गुंतवणूकदारांनी फंडात पैसे घालण्याचा लेखी शब्द दिला होता त्यावर. त्यांतले गिरणीवाले आणि जहाजवाले बँकेला कच्चे वाटत होते. उघडपणे दोघांनाही नकार द्यायचा आणि अगदीच अडलं तर जहाजवाल्यांचा शब्द जमेस धरायचा, असं सकाळीच गुपचूप ठरलं होतं. दुपारी मॅनेजरनं नेमकं तेच मागितलं.

बँकेचा अधिकारी भडकला. “घरभेदी कोण, ते शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर आमचं काम दुसरीकडे जाईल.”

या एका बँकेवर ऑफिसातल्या नऊ जणांची घरं चालत होती. आणि सकाळची गोष्ट बाईंखेरीज ऑफिसात एकालाच ठाऊक होती. सरांना.

सर म्हणजे ऑफिसचे जुने मालक. बाईंना त्यांनीच घडवलं, मग खुर्ची देऊन स्वतः कोपऱ्यातल्या खोलीत बसले. लाल पेन्सिलीनं छापील मसुदे तपासत. कॉम्प्युटर चावतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांचा भाचा फंडात नोकरीला होता, हे बाईंना आजवर कधी खटकलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना.

गुरुवारी बाई त्यांच्या खोलीत गेल्या.

“भाचा भेटतो का हल्ली?”

“रविवारी जेवायला होता. का गं?”

“जहाजवाल्यांचं कुणाजवळ बोललात?”

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “बँकेनं नाव मागितलंय वाटतं.”

“हो.”

“मग दे की माझं.”

निदान नाही तरी म्हणायचं होतं, असं बाईंना वाटलं. राग आला आणि रडूही आलं.

सरांनी चष्म्याची डबी खिशात टाकली, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. “मसुदा पाठवण्याआधी छापून वाचत जा,” एवढंच म्हणाले.

जाता जाताही उपदेश. कुंपणानंच शेत खाल्लं, असं मनाशी म्हणत बाईंनी बँकेला नाव कळवलं. काम टिकलं.

सह्यांच्या दिवशी फंडाचे वकील इकडेतिकडे बघत राहिले. पिकल्या केसांचा, सरळ माणूस.

“सर नाहीत? आभार मानायचे होते.”

“मानाच,” बाई थंडपणे म्हणाल्या. “तुमचंच काम केलं त्यांनी.”

“आमची चूक पोटात घातली म्हणा. त्या दिवशी तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात बँकेसाठी लिहिलेली तुमची टिपणं समासात तशीच राहिली होती. मॅनेजरनं ती वाचली आणि मला न विचारता तुम्हाला फोन केला. मला कळल्यावर मी त्याच संध्याकाळी तुमच्या ऑफिसला फोन लावला, तो सरांनी घेतला. म्हणाले, ‘तिला काही बोलू नका. बँकेला कुणाचं तरी नाव लागेल, ते मी बघतो.’”