समुद्राखालचा तडा

धाकट्या सुनेला घरची लक्तरं परक्यांपुढे टांगायची भारी हौस. आक्कांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं, तेव्हा बाईसाहेब पाहुण्यांना आपल्याच मालातली खोट बोट लावून दाखवत होत्या.

"हा इथे तडा आहे," पडद्यावरच्या नकाशावर काठी टेकवत ती म्हणाली. "समुद्राच्या तळाखाली तेल साचलं असेल, तरी इथून केव्हाच निसटलं असेल. आमच्या सासऱ्यांची जुनी विहीर म्हणूनच कोरडी गेली असावी."

पाहुणे तिघे, बड्या तेल कंपनीचे. त्यांतला बोकडदाढीवाला म्हातारा मुख्य. कुणाच्या समुद्रात भागीदारी करायची आणि कुणाला लांबूनच नमस्कार करायचा, हे त्याच्या शब्दावर ठरायचं. नाही म्हणायला कारण शोधणं हीच त्याची नोकरी. त्याने घाईघाईने चहा संपवला, भरतकामाचं कापड घातलेल्या कोपऱ्यातल्या बैठ्या मेजावर ट्रेशेजारी कप टेकवला आणि तो पुढे सरकला.

"पुन्हा दाखवा," तो म्हणाला.

आक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला.

शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती, पण नवऱ्यामागे कंपनी त्यांनीच ओढली. समुद्राच्या त्या तुकड्यात तेल काढायचा परवाना ही नवऱ्याची शेवटची कमाई. यंदा तिथे विहीर खोदली नाही, तर परवाना सरकारजमा आणि कंपनीला कुलूप. एकट्याने खोदायची ऐपत नव्हती. बडी कंपनी अर्धा हिस्सा घेऊन खर्च उचलेल, तरच निभावणार होतं. त्यासाठी तर ही खोली मांडली होती. सगळे नकाशे, सगळे नमुने आत ठेवायचे. पाहुण्यांनी तिथेच बसून बघायचं, बाहेर काही न्यायचं नाही. आणि घरच्यांनी काही खोलीबाहेर ठेवायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आक्कांनी सुनेला जिन्यात गाठलं.

"अगं, लग्नाच्या मुलीचा तिरळा डोळा आपल्याच तोंडाने सांगतात का?"

"त्यांना दिसलाच असता, आक्का."

"मग दिसू दे की! त्यांना पगार कशाचा मिळतो?"

"चहा सांगू तुम्हाला?" धाकटी म्हणाली.

हा तिचा आणखी एक गुण. बोलायचं नसलं की चहा.

आक्कांनी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, तिला तिचं काम कळतं." हे पण बायकोनेच पढवलेलं. लग्नाआधी ती याच बड्या कंपनीत होती, याच दाढीवाल्याच्या हाताखाली. जुनं मीठ कुणाचं खाल्लंय, हे आक्का विसरल्या नव्हत्या.

संशय स्वस्थ बसू देईना. त्या तळघरातल्या कोठीत उतरल्या. जुन्या विहिरीतून निघालेले दगड नवऱ्याने एका लाकडी पेटीत घालून आणले होते. सरकारला त्याने 'कोरडी' एवढंच कळवलं. आक्कांना मात्र म्हणाला होता, "दगड कसला, काच आहे नुसती. तेल मुरायला जागाच नाही त्यात. त्या अख्ख्या पट्ट्यात हाच दगड." त्यानंतर त्याने पेटीला हात लावला नाही, आणि कुणाला लावूही दिला नाही.

पेटीच्या जागी धुळीत चौकोन उमटला होता.

तड्यावर निदान वाद घालता येतो. दगड बोलले की वादच संपला.

"पेटी कुठंय?" पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"वर. खोलीत."

"त्या बोकडासमोर?"

"नियम आहे, आक्का. त्यांनी आल्या आल्या विचारलं, जुन्या विहिरीचे दगड आहेत का? मी म्हटलं, इथेच आहेत, केव्हाही बघा."

"मग? बघितले?"

"तुम्ही दमलेल्या दिसता. चहा टाकते."

"घाल त्या चहात तुझं डोकं!" आक्का म्हणाल्या आणि उपाशीच झोपल्या.

पाहुणे आठवडाभर येत राहिले. आक्का रोज काचेतून बघायच्या. दाढीवाला तड्याला असा चिकटला होता की विचारू नका. धाकटी त्याला तड्याचे आणखी नकाशे काढून द्यायची, वाद घालायची, चहा द्यायची. तो चहा प्यायचा, कप टेकवायचा, पुन्हा तडा.

शेवटच्या दिवशी तो पोरासारखा टाळी वाजवून उठला.

"तुमचं चुकतंय, मुली! तडा फक्त जुन्या विहिरीपाशी आहे. तेल साचतं तो मधला फुगवटा शाबूत आहे."

"खरंच की," धाकटी म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही."

पुढच्या आठवड्यात मुलगा जिने चढत धावत आला. "आई, ते येतायत! अर्धा हिस्सा, आणि विहिरीचा सगळा खर्च त्यांचा! म्हातारा म्हणतो, आपल्या मालाची खोट आपण होऊन सांगणारी माणसं या धंद्यात त्याने पाहिली नव्हती."

आक्का जागच्या हलल्या नाहीत. दगड बघून हो म्हणाला? त्या बोकडाचे डोळे गेले की काय?

त्या तडक खोलीत गेल्या. धाकटी नकाशे गुंडाळत होती. कोपऱ्यातल्या बैठ्या मेजावर ट्रे तसाच होता. त्याच्या शेजारी भरतकामावर दाढीवाल्याच्या कपाचे गोल डाग, एकावर एक.

हे मेज आपल्या घरात कधी आलं, आक्कांना आठवेना.

त्यांनी ट्रे उचलला. कापड ओढलं. खाली लाकडी पेटी होती. झाकणावर नवऱ्याच्या हातचे खिळे जसेच्या तसे.

"खोलीतच होती, आक्का," धाकटी म्हणाली. "अगदी त्यांच्या हाताशी."

आक्कांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तिच्या हातात ठेवला.

"आजपासून कंपनी तू बघ," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या हातचा चहा मी मेले तरी घेणार नाही."