खिडकीतली बरणी

डेन्मार्कच्या युटलंडमधल्या त्या घरी सासूबाई एलिनोर यांनी आपल्या पित्ताशयातून निघालेले खडे काचेच्या बरणीत घालून खिडकीत मांडले होते. कॉफीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्या ती बरणी खुळखुळवून दाखवत.

सून हेर्डिस हिच्या उजव्या बरगडीखाली सासूबाईंना येत असे तशीच कळ येई. तपासणीत मात्र एकही खडा दिसत नसे.

"खडा नाही, तर दुखतं काय?" सासूबाई विचारत. "मी रविवारी डुक्कर भाजलं, की बरोबर हिची कळ उठते!"

"तुझी आईपण हेच रडगाणं गात गेली," नवरा ऑगे म्हणे. "तिला तरी कुठे खडे होते?"

अखेर हेर्डिसचे पित्ताशय काढावे लागले. ते आकुंचनच पावत नव्हते आणि खड्यांशिवायही अशा वेदना होतात, असे सर्जनने तिला समजावून सांगितले. ऑगेने फोनवर एवढेच विचारले, "खडे निघाले का?"

"निघाले," ती म्हणाली.

घरी परतताना ती बसमधून एक थांबा आधीच उतरली. संध्याकाळी खिडकीत दुसरी, लहानशी बरणी आली.

"किती सोसलंस गं!" म्हणत ऑगेने लग्नानंतर प्रथमच तिच्यासाठी कॉफी केली. सासूबाईंनी आपली बरणी सरकवून हिच्या बरणीला जागा करून दिली.

"माझे मोठे होते हं," त्या म्हणाल्या.

हेर्डिसने वाद घातला नाही. चर्चमागे तिच्या आईच्या थडग्यावर पसरलेली खडी बारीकच होती.