चार वाजताची खुर्ची

अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीजवळची आरामखुर्ची गायब होती. रोज चारला तिच्यात रेलून आई नऊशे ग्रॅमच्या लेकीला तासभर उघड्या छातीशी धरायची; तेवढ्यापुरता लेकीचा श्वास संथ चालायचा. “खाली नेली,” आयाबाई पुटपुटल्या. “उद्घाटनाला मंत्री आलेत, त्यांची कंबर दुखते म्हणे.” सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा सभागृहात शिरली. ‘नवजात शिशू कुटुंब आधारकेंद्र’ अशा फलकाखाली मंत्री त्याच खुर्चीत ऐसपैस पसरून आईच्या उबेचं महत्त्व समजावत होते. मोठे डॉक्टर नंदीबैलासारखी मान डोलवत होते. “खुर्ची द्या,” सिस्टर म्हणाली. “अर्धा तास थांबा,” डॉक्टर खेकसले, “साहेब बसलेत, दिसत नाही?” “बसू देत की. फक्त शर्टाची बटणं काढायला सांगा. चार वाजलेत, बाळ आणते छातीवर ठेवायला.” मंत्री टुणकन उठले. कंबरदुखी कुठल्या कुठे पळाली.